अबोल्याचा सराव

आई माझ्याशी बोलत नव्हती. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, भांडणाला शेवट असतो. पण आमच्या घरात भांडणं होत नाहीत, अबोला होतो, आणि आईच्या अबोल्यापुढे भल्याभल्यांनी हात टेकले आहेत. आत्याशी तिने एका पैठणीवरून अबोला धरला होता. तो आत्याच्या मुलीच्या लग्नात सुटला, तोही मांडवात अक्षता कमी पडल्या म्हणून.

माझ्या बाबतीत कारण साधं होतं. मी न्यूझीलंडच्या सैन्यात होतो आणि आमची तुकडी अफगाणिस्तानात, बामियानला जाणार होती. मी भरती झालो तेव्हा आईने फारसं मनावर घेतलं नव्हतं. तिच्या मते इथलं सैन्य म्हणजे पूर आला की वाळूची पोती रचायची आणि बर्फात अडकलेल्या मेंढ्यांना गवत पोचवायचं. "यांना युद्ध करायला शेजारी कुठेत?" असं ती ऑकलंडच्या पापाटोएटो भागातल्या तिच्या फार्मसीत गिऱ्हाइकांना सांगायची. ऑस्ट्रेलिया आहे, पण त्यांच्याशी क्रिकेटमध्ये भागतं. मग २००८च्या मे महिन्यात मी घरी सांगितलं की ऑक्टोबरमध्ये निघायचंय, सहा महिन्यांसाठी. आई कणीक मळत होती. तिने कणीक मळून संपवली, झाकून ठेवली, हात धुतले आणि बाबांना म्हणाली, "त्याला विचारा, किती पोळ्या करू."

तेव्हापासून बाबा दुभाषे झाले. ते एका कुरिअर कंपनीत आहेत, इकडचं तिकडे पोचवणं हा त्यांचा पेशाच आहे, त्यामुळे त्यांनी तक्रार केली नाही. रविवारी मी कॅम्पवरून फोन करायचो. बाबा फोन स्पीकरवर ठेवायचे आणि मागून आवाज यायचा, "त्याला विचारा, पायमोजे कोरडे असतात का."

"शंतनू, आई विचारतेय, पायमोजे..."

"ऐकू आलं बाबा. असतात कोरडे."

"असतात म्हणतोय," बाबा सांगायचे.

"मला ऐकू येतं," आई बाबांना म्हणायची.

निघायच्या आधी तिने एकदा माझ्याशी बोलावं, एवढंच मला हवं होतं. आशीर्वाद वगैरे राहू दे, चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण माझं नाव घेऊन, थेट. ती न बोलता मी विमानात बसलो आणि तिकडे काही कमीजास्त झालं, तर हा अबोला कायमचा राहिला असता. अक्षता कमी पडायची संधीही मिळाली नसती.

आमचा कॅम्प डेझर्ट रोडपासून आत होता. रस्त्याचं नाव डेझर्ट, पण तिथे ना वाळू ना उंट. नजर जाईल तिथपर्यंत पिवळं ताठ गवत, पलीकडे बर्फ पांघरलेला रुआपेहूचा डोंगर, आणि वारा. वारा कुठूनही सुटला तरी नेमका आपल्याच कानात शिरायचा. लोकांना वाटतं, युद्धावर जाणारे सैनिक सारखे गोळ्या झाडत असतात. आम्ही मुख्यतः थांबत असू. गाडी येईपर्यंत, मग पाऊस जाईपर्यंत, मग ज्याच्यासाठी थांबलोय तो बेत रद्द झालाय हे कळेपर्यंत. उरलेल्या वेळात ओले बूट वाळवायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी भिजवायला कोरडे बूट असतात.

सरावासाठी एक गाव होतं. माल वाहून नेणारे जुने लोखंडी कंटेनर मांडून त्यांना मातीचा रंग फासला होता. एका कंटेनरवर रंगाखालून अजून 'फ्रोझन लँब' वाचता यायचं. ती गावची शाळा होती. त्या गावात कसं वागायचं हे आमचा मेजर शिकवायचा, आणि त्याचं सगळं शिकवणं एका वाक्यात मावायचं: सुरुंग कुठे पुरलाय हे गावाला माहीत असतं. गावाशी नीट वागलात तर गाव सांगेल. छातीवर हात ठेवून नमस्कार करा, दिलेला चहा प्या, जे बोलायचं ते गावच्या मुखियाशी बोला, बायकांशी बोलू नका.

या गावात गावकरी नव्हते ही एक अडचण होती. ती त्यांनी माझ्यावर भागवली. अख्ख्या तुकडीत बामियानच्या त्यातल्या त्यात जवळचा मीच दिसत होतो, म्हणून बरेच दिवस मुखिया मीच होतो. मी कांबळं पांघरून कंटेनरपुढे बसायचो आणि माझेच मित्र येऊन माझ्याकडे चौकश्या करायचे. दोनदा त्यांनी मला संशयावरून पकडून नेलं. सार्जंट हेनारे मला तेव्हापासून 'चीफ' म्हणायचा. हेनारे हा रोटोरुआचा माओरी माणूस, दाराएवढा रुंद. गमतीत बोलतोय की खरं, हे त्याच्या तोंडाकडे बघून कधी कळलं नाही.

शेवटचा मोठा सराव सप्टेंबरात होता. त्यासाठी खरी अफगाण कुटुंबं यायची होती, पण त्यांच्याकडे लग्न निघालं. लग्नापुढे कुठलंच सैन्य काही करू शकत नाही. मग ज्या माणसाकडे गावकरी पुरवायचं काम होतं त्याने इकडेतिकडे चौकशी केली, आणि त्या रविवारी बाबांचा फोन आला.

"अरे, मराठी मंडळाला तुमच्याकडचं काम मिळालंय. अफगाण गावकरी व्हायचंय. मानधन मंडळाला जाणार. गणपती आत्ताच झाले, नाटकाच्या दाढ्या तयारच आहेत."

"कोण कोण येतंय?"

"हरीशकाका, कांचनकाकू, मी, अजून बरेच जण." मग बाबांचा आवाज खाली आला. "तुझी आईपण."

 मागून आवाज आला, "त्याला सांगा, मी मंडळासाठी जातेय."

शनिवारी सकाळी बस आली. सगळ्यांत आधी हरीशकाका उतरले, तेही दाढी लावूनच. हरीशकाका दातांचे डॉक्टर आहेत, पण ते पोटापाण्यासाठी. खरे ते मंडळाचे दिग्दर्शक. ऐतिहासिक नाटकातल्या खानाची दाढी त्यांनी ऑकलंडपासून लावून आणली होती, आणि वाटेत पेट्रोल भरायला थांबले तेव्हा तीच लावून ते आइस्क्रीम खाऊन आले होते. त्यांच्यामागून कांचनकाकू चिवड्याचा डबा घेऊन उतरल्या. बाबा उतरले, त्यांना धनगर केलं होतं, कारण त्यांना वाक्यं पाठ होत नाहीत. सर्वांत शेवटी आई उतरली. करड्या रंगाची शाल डोक्यावरून घेतली होती आणि पायात फार्मसीतले पांढरे बूट होते. दिवसभर उभं राहायला तेच बरे पडतात, असं तिचं मत आहे.

मी रांगेत उभा होतो, हलता येत नव्हतं. ती माझ्या अगदी समोरून गेली. माझ्याकडे पाहिलं नाही, पण माझ्या बुटांकडे पाहिलं. बूट ओले होते.

मेजरने गावकऱ्यांना वेगळं नेऊन काय सांगितलं ते मला कांचनकाकूंनी नंतर सांगितलं. सुरुंग म्हणजे धूर आणि मोठा आवाज करणारी एक पेटी होती. ती गावाच्या टोकाला रस्त्याखालच्या मोरीपाशी पुरली होती, आणि ती जागा सगळ्या गावकऱ्यांना दाखवली गेली. आता सैनिक येतील, तेव्हा कोणी काही सांगायचं नाही. मुखियाने टोलवाटोलवी करायची. बायकांनी सैनिकांशी अवाक्षर बोलायचं नाही, कितीही गोड बोलले तरी.

"हे मला जमेल," आई म्हणाली म्हणे.

आम्ही गावात शिरलो. सर्वांत पुढे मी, कारण तुकडीत पुढे चालायचं काम माझं होतं. माझ्यामागे लेफ्टनंट फ्रेझर, त्याच्यामागे हेनारे आणि बाकीचे. फ्रेझर माझ्याच वयाचा होता. सगळं पुस्तकात वाचलेलं, आणि पुस्तक चांगलं वाचलेलं. आमच्याबरोबर एक खरा अफगाण दुभाषी होता, पण गाव मराठी बोलतंय हे कळल्यावर तो शांतपणे गाडीत जाऊन बसला. त्यामुळे पुढे चालायचंही मीच आणि दुभाषीही मीच. बाबांच्या कष्टांची मला तेव्हा जाणीव झाली.

छातीवर हात ठेवून नमस्कार झाले. हरीशकाका उठले, त्यांनी आभाळाकडे पाहिलं आणि सुरुवात केली. "कधीकाळी या गावात नदी वाहत होती, मुला! माझ्या आजोबांनी लावलेली जर्दाळूची झाडं त्या नदीचं पाणी पीत होती. आज त्या पात्रात फक्त दगड आहेत, आणि त्या दगडांना माझ्या मुलांची नावं आहेत!" असं बरंच. शेवटी त्यांचा आवाज कापला आणि दाढीची एक कड सुटली.

"काय म्हणतोय?" फ्रेझरने विचारलं.

"वेलकम म्हणतायत, सर."

"बराच वेळ म्हणत होता."

"परत परत म्हणत होते, सर."

मग चहा आला आणि त्याबरोबर चिवडा. वर्गात शिकवल्याप्रमाणे फ्रेझरने दिलेलं घेतलं आणि ताटली रिकामी केली. रिकामी ताटली म्हणजे अजून हवंय, हे वर्गात शिकवलं नव्हतं. कांचनकाकूंनी परत वाढलं. त्याने परत संपवलं, शिस्तीचा माणूस. हेनारेला मात्र यात काही वेगळं वाटत नव्हतं. त्याच्या घरीही पाहुण्याला असंच वाढतात. तो मांडी घालून बसला होता आणि शेंगदाणे वेचून शेवटी खायला ठेवत होता.

आई विहिरीपाशी उभी होती. विहीर म्हणजे डांबराचं रिकामं पिंप. फ्रेझरचं तिच्याकडे लक्ष गेलं. "त्या करड्या शालवाल्या बाईंना काही माहीत आहे का, मुखियाला विचार. मुखियामार्फत विचार. थेट नको."

"येस सर," मी म्हणालो. थेट शक्यच नव्हतं. "हरीशकाका, आईला विचारा, गावात नवीन कोणी आलं होतं का, कुठे खणताना कोणी दिसलं का."

हरीशकाकांनी दाढी सावरली. "बाई! हे परदेशी लोक विचारतायत, तू काही पाहिलंस का?"

आईने शाल नीट केली. "त्याला सांगा, मी काही पाहिलेलं नाही. आणि त्याला सांगा, बूट ओले आहेत. एवढ्या थंडीत ओले बूट घालून फिरतात का? आणि कानटोपी दिली होती ती कुठाय?"

"काय म्हणाल्या?" फ्रेझरने विचारलं.

"काही माहीत नाही म्हणतात, सर."

फ्रेझर तिच्याकडे निरखून पाहत होता. "आपल्याबद्दल राग दिसतोय."

"आहे, सर," मी म्हणालो.

आम्ही छातीवर हात ठेवून निरोप घेतला आणि गावाच्या टोकाकडे निघालो. मोरीपाशी मी पाय टाकला आणि पेटीचा आवाज झाला. धुरातून अंपायर आला. सरावात कोण जगलं आणि कोण मेलं हे ठरवायला अंपायर असतो, दंडाला पांढरी पट्टी बांधलेला. त्याने माझ्याकडे बोट केलं. "डेड." माझ्यामागच्या एकाला तो म्हणाला, "पायाला लागलंय." त्याने माझ्या छातीवर बटणाला एक कार्ड अडकवलं आणि मला आडवं व्हायला सांगितलं. मेलेल्याने डोळे मिटायचे, हलायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही, हा नियम होता.

मी आडवा झालो. खालचा चिखल गार होता. बायकांनी येऊन रडायचं असं ठरलं होतं, त्याप्रमाणे कांचनकाकूंनी हंबरडा फोडला. त्या दर वर्षी नाटकात एकदा तरी विधवा होतात, त्यांना सवय आहे. "अरे माझ्या सोन्या, कुठे रे गेलास मला टाकून!" हे सगळं त्या आमच्यापैकी ज्याच्या पायाला लागलं होतं त्याच्या अंगावर पडून म्हणत होत्या. तो जिवंत होता आणि घाबरला होता.

मी डोळे किलकिले करून पाहिलं. माझ्या डोक्यापाशी दोन पांढरे बूट येऊन थांबले होते.

ती रडली नाही, वाकली नाही, काही बोलली नाही. नुसती उभी राहिली. पलीकडे हेनारे ओरडत होता, स्ट्रेचर येत होतं, बाबा अंपायरशी वाद घालत होते की मुलाचा पाय मोरीच्या बाहेर होता, आउट देता येत नाही. ते पांढरे बूट काही हलले नाहीत. आई, मी आहे, मला काही झालेलं नाही, एवढं म्हणायचं होतं मला.  इतके महिने ती बोलत नाही म्हणून मी कुढत होतो आणि आता ती ऐकायला उभी होती तर मीच मेलेला होतो. तिला किती भीती वाटते ते मला त्या बुटांवरून कळलं. त्यातला एक बूट जागच्या जागी थरथरत होता. मी डोळे घट्ट मिटून घेतले.

अंपायरने शिट्टी वाजवली आणि मी उठून बसलो. आई पाठ फिरवून गावाकडे चालली होती.

नंतर मेजरने सगळ्यांना गोळा करून आमचं काय काय चुकलं ते सांगितलं. आमच्या चुका सांगून झाल्यावर त्याने गावकऱ्यांचं कौतुक केलं. "विशेषतः त्या करड्या शालवाल्या बाई," तो म्हणाला. "ते नुसतं गप्प उभं राहणं. असं मी तिकडे खरोखर पाहिलंय."

हरीशकाकांचा चेहरा पडला. त्यांच्या नदीबद्दल कोणी काही बोललं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत आई मंडळींबरोबर बसली. मला तिकडे जायची परवानगी नव्हती. बाबा डबा घेऊन आले. पोळी, बटाट्याची भाजी, लसणाची चटणी.

"काही म्हणाली का?" मी विचारलं.

"डबा परत हवाय म्हणाली."

"बाकी?"

"बाकी काही नाही रे," बाबा म्हणाले. ते माझ्याशेजारी गवतात बसले. "बसमध्येच जाऊन बसते म्हणत होती, मी म्हटलं बस जाऊन. पण गेली नाही. तिने काही खाल्लं नाही, शंतनू."

मीही फारसं खाल्लं नाही. डबा हेनारेने संपवला आणि धुऊन परत दिला.

दुपारी तोच सराव पुन्हा होता. सुरुंग नव्या जागी पुरला गेला आणि गावाला नवी जागा दाखवली गेली. या वेळी मेजरने मुखियाला वेगळी सूचना दिली होती: तुकडी नीट वागली तर निघताना मुखियाने सुरुंगाची जागा सांगून टाकायची. म्हणजे मुलांना पटेल की चांगलं वागण्याचा उपयोग होतो. आम्हाला अर्थातच यातलं काही माहीत नव्हतं.

आम्ही फारच नीट वागलो. फ्रेझरने मुखियाच्या नातवंडांची चौकशी केली, पाणी कुठून आणता ते विचारलं, चिवडा थोडा ताटलीत ठेवला. त्याने हरीशकाकांना नदीबद्दलही विचारलं आणि ते ऐकून मान हलवली. सगळं झाल्यावर त्याने छातीवर हात ठेवला आणि माझ्यामार्फत विचारलं, पुढचा रस्ता आमच्यासाठी सुरक्षित आहे ना?

हरीशकाकांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटून ठेवले. मग म्हणाले, "रस्ता कोणासाठीच सुरक्षित नसतो, मुला."

मी थांबून राहिलो. पुढे काही आलं नाही. कांचनकाकूंनी त्यांना कोपराने ढोसलं, तरी नाही. सकाळपासून विचार करून त्यांनी ठरवलं होतं की हा म्हातारा मेला तरी सांगणार नाही. ज्याने मुलं गमावली तो एका कप चहात असं सांगून टाकेल, हे त्या पात्राला शोभत नाही. मेजरला सैन्यातलं कळत असेल, नाटकातलं काय कळतं? हे त्यांनी नंतर परतीच्या बसमध्ये सगळ्यांना समजावून सांगितलं, आणि अजूनही सांगतात.

"काय म्हणाला?" फ्रेझरने विचारलं.

"काळजी घ्या म्हणतात, सर."

आम्ही निघालो. पुढे मी. रस्ता शाळेच्या कंटेनरवरून उजवीकडे वळत होता. कडेला दगडांचा ढीग होता, त्यापुढे भुसभुशीत खडी. मी जमीन बघत चाललो होतो, शिकवलं होतं तसं, पण सकाळपासून तो थरथरणारा बूट माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता.

"शंतनू!"

मी पाय उचललेला होता तो तसाच राहिला.

"शंतनू, थांब! पाय टाकू नकोस! तिथेच उभा राहा!"

सगळं गाव थांबलं. आई विहिरीपासून पळत येत होती. शाल डोक्यावरून खांद्यावर घसरली होती, हातात पाण्याचा तांब्या तसाच होता. अंपायरने शिट्टी वाजवली. ती थांबली नाही. त्याने पुन्हा वाजवली. ती त्याच्या अंगावरून पुढे आली आणि माझी कॉलर धरून तिने मला मागे ओढलं. मी एका पायावर होतो, त्यामुळे तिच्याच अंगावर पडलो.

"त्या खडीखाली आहे," ती म्हणाली. "दगडाच्या या बाजूला. दिसत नाही का तुला? चष्म्याचा नंबर वाढलाय का?"

"आई, मला चष्मा नाहीये."

"मग डोळे उघडून चाल ना, मेल्या!" आणि तिने मला पाठीत एक धपाटा घातला. अंगात चिलखत होतं, त्यामुळे तिच्याच हाताला लागलं. मग ती रडायला लागली. "सकाळी मला माहीत होतं कुठेय ते. माहीत असून मी गप्प बसले. आणि तू मेलास."

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. हेल्मेट मधे येत होतं, तरी ठेवलं. मला फार बरं वाटत होतं, आणि ते बरं वाटणं सगळ्या तुकडीसमोर लपवायची मला गरजही वाटली नाही.

फ्रेझर जवळ आला. "शंतनू, त्या काय म्हणतायत?"

"सुरुंग दाखवतायत, सर. खडीखाली."

फ्रेझरने वहीत काहीतरी लिहायला घेतलं, मग वही मिटली. तेवढ्यात मेजर पोचला. तो चिडलेला नव्हता, पण त्याला सराव पूर्ण करायचा होता. "मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही सांगायचं नव्हतं."

"तो माझा मुलगा आहे," आई इंग्रजीत म्हणाली.

मेजरने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबांनी दूरवरून धनगराची काठी वर करून होकार दिला.

"आय सी," मेजर म्हणाला. मग जरा मऊ आवाजात, "पण मॅडम, तिकडे तुम्ही नसणार. तिथे कोणी असं पळत येणार नाही."

"तिथल्या बायकांना विचारा ना," आई म्हणाली. "पुरुषांना काय विचारत बसता? हे बघा," तिने हरीशकाकांकडे हात केला, "यांना सांगायचं होतं, तरी सांगितलं नाही. बायकांना सगळं माहीत असतं."

"तिथल्या बायका आमच्याशी बोलत नाहीत, मॅडम."

"मी तरी कुठे बोलत होते?" आईने शालीने नाक पुसलं. "चार महिने बोलले नव्हते."

 हेनारे पुढे आला, त्याने आईच्या हातातून तांब्या काढून घेतला आणि आतलं उरलेलं पाणी तिलाच प्यायला दिलं. "किआ ओरा, आंटी," त्याने माओरीत नमस्कार केला. "कम अँड सिट डाउन."

सराव तिसऱ्यांदा करायचा ठरलं. करड्या शालवाल्या बाईंना मात्र बसमध्ये बसवावं, असं मेजरने नम्रपणे सुचवलं. बसकडे जाताना मी तिच्याबरोबर चाललो. चार महिन्यांचं साठलेलं तेवढ्या वाटेत ती बोलली. बी.फार्म. अर्धवट सोडल्याबद्दल बोलली. तुझ्याबरोबरच्या ऋग्वेदचं लग्न ठरलं, अभिषेकने घर घेतलं आणि तुला ओल्या बुटांत फिरायची हौस, हे बोलली. कानटोपीबद्दल दोनदा बोलली. मी मधे एकदा "हो" म्हणालो, तर "मधे बोलू नकोस" म्हणाली. बसच्या पायरीवर ती थांबली. "जाणारच ना तू?"

"जाणार, आई."

"मला ते आवडलेलं नाही. उद्याही आवडणार नाही. पण पोचलास की फोन मला करायचा. बाबांना नाही, मला."

"तुला करीन."

"आता जा. तुझी माणसं थांबलीयेत."

सुरुंग पुन्हा कुठेतरी नव्या जागी पुरला गेला. आम्ही पुन्हा गावाच्या सुरुवातीला जाऊन उभे राहिलो आणि फ्रेझरने हात हलवला. मी पुढे निघालो. आणि तेव्हा मला भीती वाटली. इतके महिने कधीच वाटली नव्हती. आई बोलत नव्हती तोवर बामियान म्हणजे नुसता एक प्रवास होता, ज्याचं सामान मी भरत होतो. आता मला फोन करायचा होता, तिला, पोचल्यावर.  मी पाय टाकायच्या आधी जमीन पाहिली, मग परत पाहिली, मग बाजूचे दगड पाहिले, आणि मगच पाय टाकला.

"शंतनू, जरा भराभर," मागून फ्रेझर म्हणाला. "उजेड जातोय."

बसची खिडकी सरकल्याचा आवाज आला.

"त्याचं काही ऐकू नकोस!" आई तिथून ओरडली. "सावकाश जा!"

मी सावकाश गेलो.